112 सेकंदांची चित्रफीत आणि तिचे 19 सेकंद: इंदूरमधील एक प्रकरण

इंदूरमधील एका प्रादेशिक हिंदी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर मी पाळीप्रमुख असताना घडलेल्या एका प्रसंगाची ही नोंद आहे. मृत तरुणाचे नाव, त्याची वस्ती आणि वाहिनीचे नाव मी देत नाही, कारण कुटुंबाने तशी विनंती केली होती आणि ती मला योग्य वाटते. त्या दिवशीचे निर्णय इतर कोणाचे नव्हते, माझे होते, म्हणून ते कसे घेतले गेले हे मी आतून सांगू शकते.

दूरचित्रवाणीने हिंसेची उघडी दृश्ये दाखवावीत का, या प्रश्नावर परिसंवादात 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मागितले जाते. डेस्कवर तो प्रश्न अशा रूपात कधीच समोर येत नाही. तिथे फीत कुठून कुठपर्यंत दाखवायची, किती वेळा दाखवायची, खालच्या पट्टीवर कोणते शब्द लिहायचे आणि घरच्यांना आधी कळले आहे का, एवढेच ठरवायचे असते, आणि तेही पाच-सात मिनिटांत. या प्रकरणात या चारही ठिकाणी माझे चुकले.

घटना

2023 साली अधिक श्रावण होता. त्या महिन्यातील एका सकाळी, अकराच्या सुमारास, पश्चिम इंदूरमधील बाजाराच्या एका गल्लीत मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी 24 वर्षांच्या एका मराठी तरुणावर चाकूने वार केले. निमित्त गाडीला गाडी घासल्याचे होते. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर लावलेल्या कॅमेऱ्याने सगळा प्रकार टिपला. शेजारच्या दुकानदाराने पडद्यावरची फीत मोबाइलमध्ये घेतली, ती आमच्या स्ट्रिंगरकडे, म्हणजे बातमीमागे मानधन घेणाऱ्या बाहेरच्या वार्ताहराकडे, आली आणि बारा वाजून पाच मिनिटांनी डेस्कवर पोहोचली. तिची लांबी 112 सेकंद होती आणि तिला आवाज नव्हता.

या 112 सेकंदांत काय काय होते, ते आधी सांगणे आवश्यक आहे. पहिल्या 58 सेकंदांत गाड्या घासतात, थोडी बाचाबाची होते, तरुण दोन पावले मागे सरकून हात जोडतो, ते दोघे निघून जातात आणि काही वेळ चौकटीत तो एकटाच दिसतो, आपल्या गाडीचा वाकडा झालेला आरसा सरळ करत असलेला. त्यानंतर ते दोघे परत येतात. पुढचे 19 सेकंद वार आणि कोसळणे यांचे आहेत. उरलेल्या 35 सेकंदांत लोक गोळा होतात, उसाच्या रसाची गाडी लावणारा एक माणूस खांद्यावरचा पंचा काढून जखमेवर दाबतो आणि एका रिक्षावाल्याच्या मदतीने त्याला उचलतो.

मी मधले 19 सेकंद ठेवले. "आधीच्या भागात काही होत नाहीये, तो काढून टाक," असे मी व्हिडिओ एडिटरला सांगितल्याचे मला स्पष्ट आठवते. चेहरा धूसर करायला मी सांगितले आणि तेवढे केले की आपली जबाबदारी संपली, असेच तेव्हा मला वाटले. एडिटर बावीस-तेवीस वर्षांचा होता. सेकंदाला 25 फ्रेम्सच्या हिशेबाने 19 सेकंदांच्या 475 फ्रेम्स होतात, आणि हलणाऱ्या चेहऱ्यावर धूसर पट्टा बसवायचा तर तो चेहरा कुठे सरकतो हे जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये पाहावे लागते. प्रेक्षकांनी जे पाहू नये म्हणून आम्ही झाकत होतो, ते त्याने दहा मिनिटे डोळ्यांत तेल घालून पाहिले. पट्टा बसल्यावर तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. त्याला काय झाले, हे मी विचारले नाही.

बारा वाजून चोवीस मिनिटांनी फीत प्रसारित झाली. पडद्याच्या डाव्या विंडोत फीत, उजव्या विंडोत अँकर, वाराच्या क्षणी लाल वर्तुळ, मग तोच क्षण स्लो-मोशनमध्ये आणि खाली पट्टी: 'इंदौर में सरेराह हत्या, कैमरे में क़ैद वारदात'. रनडाउनमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या क्रमयादीत, फीत लूपवर टाकलेली होती, म्हणजे अँकर बोलत राहील तितका वेळ तो तरुण पुन्हा पुन्हा कोसळत राहणार होता. नंतर लॉग काढून मोजले, तेव्हा तीन वाजेपर्यंत ती चाळीसहून अधिक वेळा दाखवली गेल्याचे दिसले.

तो तरुण त्या वेळी जिवंत होता.

घरी काय झाले

इंदूरच्या मराठी घरांत, मग ते रामबागेतले असो, लोकमान्यनगरातले असो की राजेंद्रनगरातले, बोलणे मराठीत चालते. मराठी मासिक येते, मराठी नाटकाला घरचे सगळे जातात. पण गावातल्या बातम्या हिंदी वाहिनीवरच पाहिल्या जातात, कारण इंदूरच्या गल्लीतली बातमी मुंबई-पुण्याच्या वाहिनीवर कशाला येईल? त्या तरुणाच्या घरीही हॉलमधला टीव्ही सकाळपासून लावलेला होता. वडील देवासच्या कारखान्यात कामावर गेले होते. आई आणि तिची मोठी जाऊ अधिक महिन्याच्या वाणासाठी अनारशांचे पीठ मळत बसल्या होत्या. तरुणाच्या खिशातील वाहन परवान्यावर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता होता, त्यामुळे पोलिस शिपाई आधी तिथे गेला. तो योग्य घर शोधून पोहोचेपर्यंत दुपारचा दीड वाजला होता, आणि त्याच्या बऱ्याच आधी आमची वाहिनी त्या घरात पोहोचली होती.

हे सर्व मला तिसऱ्या दिवशी कळले. तरुणाचे मामा कार्यालयात आले, तेव्हा स्वागतकक्षात त्यांनी 'कोणी मराठी माणूस आहे का' असे विचारले होते, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले. मी त्यांना आत बसवले आणि पाणी दिले. ते पाणी न घेता बोलू लागले.

"ताई, तुम्ही तोंड झाकलंत, ते मी पाहिलं. पण तो शर्ट माझ्या बहिणीनं सकाळी स्वतः इस्त्री केला होता. डाव्या बाहीची घडी नीट बसत नव्हती म्हणून दोनदा केला होता. तिला तोंड कशाला बघायला लागतंय?"

मी म्हणाले, "काका, आम्हाला वाटलं होतं की ओळख पटणार नाही."

"कोणाला पटणार नाही? ज्यांना तो माहीतच नव्हता त्यांना ना?"

मला यावर उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचत नाही. चेहरा धूसर करण्याची पद्धत परक्यांपासून झाकण्यासाठी आहे, आणि परक्यांना तो चेहरा दिसला असता तरी त्यांचे फारसे बिघडणार नव्हते. ज्यांचे बिघडणार असते, ते चालण्याच्या लकबीवरून, खांद्याच्या उतारावरून, चपलेच्या पट्ट्यावरून माणूस ओळखतात.

मामांची दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. पट्टीवर 'हत्या' हा शब्द होता. आईने तो वाचला आणि ती जागीच बसली. रुग्णालयात धाव घ्यायची असते ती जिवंत माणसासाठी. तिच्या दृष्टीने सगळे संपले होते. शेजाऱ्यांनी फोनाफोनी सुरू केली, वडिलांना देवासहून बोलावले, आणि मुलगा शस्त्रक्रियागृहात आहे हे शिपाई आल्यावरच घरात कळले. आई रुग्णालयात पोहोचली तेव्हा अडीच वाजून गेले होते. पावणेचारला तो गेला. वेळेवर कळले असते तर तो वाचला असता, असे मामा म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. मधला तासभर त्या आईचा होता आणि तो आम्ही घेतला, एवढेच म्हणता येते.

'हत्या' हा शब्द कुठून आला, हे मी नंतर तपासले. स्ट्रिंगरने 'चाकूबाजी' असे लिहिले होते. रुग्णालयाला किंवा ठाण्याला फोन करून कोणीही दुजोरा घेतला नव्हता. आम्ही फीत पाहिली, तो कोसळताना पाहिला आणि मेलाच असणार असे धरून चाललो. एरवी एका ओळीच्या बातमीसाठी दोन ठिकाणी विचारणारे आम्ही लोक, दृश्य हाती आल्यावर विचारणे विसरलो, कारण डोळ्यांनी पाहिल्यावर आणखी काय विचारायचे? हिंसक दृश्यांचा प्रेक्षकांवर काय परिणाम होतो याची चर्चा पुष्कळ होते. त्यांचा पहिला परिणाम आमच्यावर झाला होता.

नियम काय सांगत होते

नियम नव्हते, असे म्हणायला जागा नाही. केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम 1995 चा आहे, आणि त्याखालील नियमांतील कार्यक्रम संहिता सुरुची व सभ्यतेला बाधा आणणाऱ्या प्रसारणाला मनाई करते. घटनेच्या सहा-सात महिने आधी, 9 जानेवारी 2023 रोजी, माहिती व प्रसारण मंत्रालयाने सर्व वाहिन्यांना एक सूचनापत्र पाठवले होते. अपघात, मृत्यू आणि स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यावरील हिंसा यांची अस्वस्थ करणारी दृश्ये, रक्त, मृतदेह हे सगळे न झाकता आणि जवळून दाखवले जात असल्याबद्दल त्यात नाराजी होती. समाजमाध्यमांवरून आलेल्या फिती संपादकीय विचार न करता तशाच प्रसारित होतात, हेही त्यात नेमके नोंदवले होते. ते पत्र आमच्या डेस्कच्या फलकावर टाचणीने लावलेले होते.

मृतदेहाची प्रतिष्ठा हा भावनेपुरता विषय नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील प्रतिष्ठेचा अधिकार माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या देहालाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच परमानंद कटारा प्रकरणात म्हटले आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या थेट प्रसारणावर त्याच न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 च्या कसाबविषयक निकालात कडक शब्दांत टीका केली, आणि 2015 मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला कार्यक्रम संहितेत मनाई आली. पण रोजच्या चाकूबाजीला असा स्वतंत्र नियम नाही. तिथे 'सुरुची' हा शब्द आहे, आणि तो शब्द डेस्कवर ज्याच्या त्याच्या मर्जीने वाचला जातो.

मामांनी रीतसर लेखी तक्रार केली. 2021 च्या सुधारित नियमांनुसार वाहिनीने तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यायचा असतो. समाधान न झाल्यास तक्रारदाराला वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे आणि पुढे केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे जाता येते. पोच वेळेत गेली, उत्तरही वेळेत गेले. उत्तरात लिहिले होते की चेहरा धूसर करण्यात आला होता आणि प्रसारण जनहिताचे होते. त्या पत्राचा मसुदा मला दाखवण्यात आला होता आणि मी त्यावर काही बोलले नाही, याची मला लाज वाटते. 14 ऑगस्ट 2023 रोजी वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमनावरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने एक लाख रुपयांच्या दंडाने वाहिन्यांवर काय वचक बसणार, असा प्रश्न उपस्थित केला होता. मामा पुढे अपिलात गेले नाहीत. "मला दंड नकोय," असे ते म्हणाले होते.

डेस्कवरचे युक्तिवाद

माझ्या सहकाऱ्यांनी त्या दिवसांत जे मुद्दे मांडले, ते उडवून लावण्यासारखे नव्हते. पहिला मुद्दा असा की फीत लोकांच्या फोनवर आधीच फिरत होती. आम्ही दाखवली नसती तर फरक काय पडला असता? फरक पडतो. फोनवरची फीत माणूस उघडतो तेव्हा पाहतो. हॉलमधला टीव्ही न विचारता दाखवतो, आणि समोर आई पीठ मळत असते, शाळेतून आलेले पोर जेवत असते. ब्रिटनमध्ये रात्री नऊच्या आधी मुलांना अयोग्य मजकूर दाखवू नये अशी वेळेची रेघ आहे. मे 2013 मध्ये लंडनच्या वुलिच भागात एका सैनिकाची भर रस्त्यात हत्या झाली आणि रक्ताने माखलेल्या हातांचा हल्लेखोर संध्याकाळच्या बातम्यांत दाखवला गेला, तेव्हा तिथल्या ऑफकॉम या नियामकाकडे शेकडो तक्रारी गेल्या. ऑफकॉमने दृश्ये दाखवणे नियमबाह्य ठरवले नाही, पण अशा दृश्यांआधी पुरेशी सूचना कशी द्यावी याबद्दल वाहिन्यांना नवे मार्गदर्शन दिले. म्हणजे तिथेही उत्तर 'दाखवूच नका' असे आले नाही. आमच्या त्या दिवसाच्या प्रसारणात तर सूचनेची एक ओळही नव्हती.

दुसरा मुद्दा गुरुवारचा होता. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि बाजूची वाहिनी दाखवत असताना आपण न दाखवणे परवडत नाही. याला मी युक्तिवाद मानत नाही, ती नोकरीची भीती आहे. ती खरी आहे आणि मलाही होती.

तिसरा मुद्दा मात्र वजनदार होता आणि तो आमच्या सर्वांत जुन्या गुन्हे-वार्ताहराने मांडला. डिसेंबर 2021 मध्ये इंदूरला पोलिस आयुक्तालय आले तरी चाकू घेऊन फिरणारी पोरे कमी झाली नाहीत. चित्र दाखवल्याशिवाय प्रशासन हलत नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने भोपाळचे उदाहरण दिले. डिसेंबर 1984 च्या वायुकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा, डोळे उघडे असलेला चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या छायाचित्रकारांनी टिपला. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. ते चित्र नसते तर जगाला भोपाळ कळले असते का, असा त्याचा प्रश्न होता.

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. ते चित्र मी शाळेत असताना पाहिले आणि ते छापायला नको होते, असे मला कधीच वाटले नाही. पण ते चित्र स्थिर आहे. वाचक पान उलटू शकतो किंवा थांबू शकतो. त्या चेहऱ्यावरून माती सारणारा हात चौकटीत आहे, आणि मृत्यू घडून गेल्यानंतरची ती शांतता आहे. त्याभोवती लाल वर्तुळ नाही, खाली संगीत नाही, आणि ते बालक आपल्यासमोर पुन्हा पुन्हा मरत नाही. शिवाय ते चित्र एक प्रश्न उभा करते: हे कोणी केले? आमचे 19 सेकंद कोणताही प्रश्न उभा करत नव्हते. ते फक्त थरकाप उडवत होते.

आणि थरकापाने माणूस जागा होतो, हे गृहीतही तपासायला हवे. एप्रिल 2013 च्या बोस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेत 4,675 प्रौढांची पाहणी झाली. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास स्फोटाशी संबंधित बातम्या आणि दृश्ये पाहिलेल्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटस्थळी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. वृत्तकक्षात बसून लोकांनी पाठवलेल्या हिंसक फिती हाताळणाऱ्या 116 पत्रकारांवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की अशी दृश्ये जितक्या वारंवार समोर येतात, तितका मानसिक त्रास वाढतो. आमचा तो एडिटर मला या आकड्यांमध्ये दिसतो. दोन्ही अभ्यासांत किती पाहिले आणि किती वेळा पाहिले यालाच महत्त्व आहे, आणि आमचा लूप नेमके तेच वाढवत होता.

न दाखवलेले 58 सेकंद

दोन आठवड्यांनी मामा पुन्हा आले. या वेळी ते आमच्या विरोधात काही सांगायला आले नव्हते. हल्लेखोरांच्या बाजूने वस्तीत असे पसरवले जात होते की मारामारी दोन्हीकडून झाली, आधी हात त्या तरुणानेच उचलला. आणि सुरुवातीला वार्ताहरांना दिल्या गेलेल्या तोंडी माहितीतही 'आपसी विवाद में मारपीट' एवढेच शब्द होते. शहरात सर्वांनी फीत पाहिली होती, तरीही कोणी ते खोडून काढत नव्हते, कारण सर्वांनी पाहिलेल्या 19 सेकंदांत सुरुवात नव्हतीच. त्यात वार होते आणि झटापट होती. झटापट पाहून दोघे भांडत होते, असेही वाटू शकत होते.

"तुमच्याकडे आधीचं आहे ना? तो हात जोडतो ते? ते दाखवा. पण तो पडतो ते दाखवू नका, ताई. ते आता नको."

मी संग्रहातून मूळ फीत काढली आणि पहिल्यांदा पूर्ण पाहिली, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. हात जोडणे, मागे सरकणे, त्या दोघांचे निघून जाणे, आरसा सरळ करणे आणि त्यांचे परत येणे. संपूर्ण बातमी त्या 58 सेकंदांत होती. भांडण संपले होते, माणूस घरी निघाला होता, आणि मारेकरी विचार करून परत आले होते. कायद्याच्या दृष्टीनेही हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण अचानक भडकलेली झटापट आणि परत येऊन केलेला हल्ला यांत फार मोठे अंतर असते. 'काही होत नाहीये' म्हणून मी तो काढून टाकला होता. रक्ताने बातमी झाकली गेली होती, आणि हे मी रूपक म्हणून लिहीत नाही: जे कापले आणि जे ठेवले, त्याची टाइमकोडसह नोंद डेस्कवर होती.

अमेरिकेत 25 मे 2020 रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याचे वर्णन वैद्यकीय घटना असे होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर टिपलेल्या फितीने ते निवेदन खोटे पाडले. तिथे मृत्यूच प्रत्यक्ष दिसतो, आणि तरीही ती फीत दाखवली जाणे आवश्यक होते असे मी मानते, कारण सत्तेने केलेला दावा त्या दृश्याशिवाय टिकला असता. माझी कसोटी यातून तयार झाली. दृश्यातील कोणता भाग असा आहे की जो काढला तर खोटे टिकून राहील? तो भाग दाखवावाच लागेल, मग तो कितीही जड असो, पण सूचना देऊन आणि एकदाच. जो भाग काढला तरी प्रेक्षकाला कळायचे ते सर्व कळते, तो दाखवण्याला आधार उरत नाही. आमच्या फितीतले 19 सेकंद अँकरने एका वाक्यात सांगितले असते तरी पुरे होते. 58 सेकंद मात्र सांगून पटणारे नव्हते, ते दाखवणे भाग होते.

ते दाखवणे सोपे गेले नाही. बातमी 'शिळी' झाली होती. तपास चालू असताना पुराव्याचा भाग दाखवावा का, हा प्रश्न वाहिनीच्या वकिलांनी रास्तपणे काढला. आरोपींचे चेहरे प्रसारित झाले तर ओळख परेडचे, म्हणजे साक्षीदाराने अनेकांमधून आरोपीला ओळखण्याचे, महत्त्व कमी होते, हे त्यांनी सांगितले, आणि हा मुद्दा पहिल्या दिवशी कोणाच्या मनातही आला नव्हता, हे मी त्यांना सांगितले. शेवटी आरोपींचे चेहरे झाकून, चाकू निघण्याच्या आधी फीत थांबवून, संध्याकाळच्या वार्तापत्रात ती एकदा दाखवण्यात आली. त्यानंतर रसवाल्याने पंचा दाबला तो क्षण, तोही एकदा. संगीत नव्हते. अँकरने आधी सांगितले की पुढील दृश्ये एका मृत तरुणाची आहेत आणि कुटुंबाच्या संमतीने दाखवली जात आहेत. पूर्ण फीत पोलिसांकडे होतीच आणि तपासाचे काम तिच्यावरच चालणार होते, त्यामुळे आमच्या प्रसारणाने खटल्याला काही लाभ झाला असा दावा मी करत नाही. वस्तीतले बोलणे मात्र थांबले, असे मामांनी फोनवर कळवले. आईने ते वार्तापत्र पाहिले नव्हते. त्यांच्या घरी टीव्हीवर चादर टाकलेली होती.

त्यानंतर आमच्या डेस्कवर काही गोष्टी बदलल्या. फीत कापण्याआधी पाळीप्रमुखाने ती पूर्ण पाहायची, मृत्यूचा शब्द रुग्णालय किंवा ठाणे यांच्या दुजोऱ्याशिवाय पट्टीवर जायचा नाही, नातेवाइकांना कळले आहे का हे ठाण्यात विचारून वेळेसह लिहून ठेवायचे, आणि माणूस जखमी होत असलेले दृश्य लूपवर टाकायचे नाही. यातले शेवटचे सर्वांत अवघड गेले, कारण लूप नसेल तर अँकर बोलत असताना पडद्यावर काय ठेवायचे, हा खरोखरच कामाचा प्रश्न असतो. आम्ही त्यासाठी गल्लीचा नकाशा वापरू लागलो: हल्ला कुठे झाला, जवळची पोलिस चौकी किती अंतरावर, तिथे दिवसा गस्त असते की नाही. गुन्हे-वार्ताहराला प्रशासन हलवायचे होते; त्याला या नकाशांचा फितीपेक्षा अधिक उपयोग झाला, असे त्यानेच नंतर सांगितले. हे नियम आमच्या पाळीपुरते होते आणि सर्व पाळ्यांनी ते पाळले असे मी म्हणू शकत नाही. एडिटरशी मी पुढे बोलले. त्याने रात्रीची पाळी मागून घेतली होती, कारण रात्री फिती कमी येतात.

पहिल्या दिवशीची फीत आम्ही आमच्या यूट्यूब पानावरून काढून टाकली. पण ती तोवर असंख्य लोकांनी उतरवून घेतली होती. दुकानदाराच्या मोबाइलमधली मूळ फीत हलती आणि अस्पष्ट होती, ती फारशी फिरली नाही. फिरली ती आमची, स्वच्छ केलेली, लाल वर्तुळाची, स्लो-मोशनची.

2024 च्या श्रावणात, वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी, मामांनी मला व्हॉट्सॲपवर एक संदेश पुढे पाठवला. त्यांच्या वस्तीच्या गटात कोणीतरी 'सावध राहा' असे लिहून ती फीत पुन्हा टाकली होती. मामांनी स्वतः काही लिहिले नव्हते. फितीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आमच्या वाहिनीचे बोधचिन्ह होते आणि खालच्या पट्टीवर तोच शब्द होता.